बार्गेन कोण हाकते?

माझ्याकडे इंग्रजी वाक्प्रचारांचं एक जुनं पुस्तक आहे. 'आहे' असं लिहिताना हात जरा अडखळतो, कारण मध्यंतरी दोन दिवस ते माझ्याकडे नव्हतं. तो प्रकार पुढे येईलच. मुखपृष्ठ आणि सुरुवातीची काही पानं वाळवीच्या पोटात गेल्यामुळे पुस्तक कोणी लिहिलं हे मला आजतागायत कळलेलं नाही. परीक्षण लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे. लेखक ओळखीचा निघत नाही, त्याचा साडू आपल्या सोसायटीचा चेअरमन निघत नाही, आणि बुलढाण्याच्या स्टँडवर अचानक समोर येऊन तो "वाचलं बरं का तुमचं" असं न हसता म्हणत नाही. डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार, उजवीकडे मराठी अर्थ आणि खाली 'वाक्यात उपयोग', अशी मांडणी. या पुस्तकाच्या जोरावर मी घाटावरच्या एका शाळेत बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मुलं पास होत गेली. त्यात पुस्तकाचा दोष नाही.

आज मला त्यातल्या एकाच भागाबद्दल लिहायचं आहे, तो म्हणजे सौदा आणि घासाघीस. याला कारण नववीतला एक मुलगा. वर्षानुवर्षं मी फळ्यावर लिहीत आलो होतो: टू ड्राइव्ह अ हार्ड बार्गेन, म्हणजे कसून घासाघीस करणे. मुलं निमूटपणे उतरवून घेत आली होती. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला. त्याने तोवर 'हजर सर' याखेरीज वर्गात शब्द काढला नव्हता.

"सर, ड्राइव्ह म्हंजे हाकनं ना?"

"हो."

"मंग बार्गेन कोन हाकते?"

"जो घासाघीस करतो तो."

"आमची बंडी त बाबा हाकते. कापूसबी बाबाच घेऊन जाते. पन भाव यापारी सांगते. मंग हाकलं कोनं?"

वर्ग हसला. मीही हसलो, "बस खाली" म्हणालो आणि पुढचा वाक्प्रचार घेतला. मास्तराला उत्तर येत नसलं की पुढचा वाक्प्रचार घ्यायचा असतो. शिक्षणशास्त्राच्या पदवीत एवढी एकच गोष्ट उपयोगाची शिकवतात. पण त्या रात्री मी पुस्तक पहिल्यांदाच शिकवण्यासाठी नव्हे तर वाचण्यासाठी उघडलं.

पुस्तकाचा पहिला दोष असा, की ते शब्दाचा अर्थ सांगतं पण त्याचं गाव सांगत नाही. 'हॅगल' हाच शब्द घ्या. आज त्याचा अर्थ भावावरून हुज्जत घालणं. पण मुळात तो तोडातोडीचा शब्द. वेडंवाकडं, ओबडधोबड तोडणं म्हणजे हॅगल, आणि त्याचं मूळ होड्या वल्हवत इंग्लंडवर चालून येणाऱ्या नॉर्स लोकांच्या भाषेत. म्हणजे इंग्रज माणूस भाव तोडतो आणि आपण तो घासतो. आपली घासाघीस अधिक सोशिक आहे. तोडायला एक घाव पुरतो, घासणाऱ्याला दिवस काढावा लागतो आणि त्यात दोन्ही बाजू थोड्याथोड्या झिजतात. चिखलीच्या बाजारात एखादी आजी मिरचीवाल्याशी बोलताना ज्याने पाहिली असेल त्याला हा फरक समजावून सांगायला नको.

'चीप' या शब्दाचंही तेच. आता तो हलक्या मालाला आणि हलक्या माणसाला लावतात. जुन्या इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ नुसता सौदा, व्यापार एवढाच होता. लंडनमधलं चीपसाइड म्हणजे स्वस्ताईची आळी नव्हे, भर बाजारपेठ. फेरीवाल्याला 'चॅपमन' म्हणत, तोही याच घरातला. चांगला सौदा या अर्थी 'गुड चीप' म्हणता म्हणता पुढचं 'गुड' गळालं आणि 'चीप' तेवढं राहिलं. व्यापारात हे असं व्हायचंच.

'टू बूट' या प्रयोगाने तर माझ्या विद्यार्थ्यांच्या कैक पिढ्यांना चप्पल-जोड्याच्या दुकानात नेऊन सोडलं. पुस्तकात अर्थ दिलाय 'शिवाय, आणखी'. आता या 'आणखी'चा बुटाशी संबंध काय? काहीच नाही. जुन्या इंग्रजीत 'बोट' म्हणजे फायदा, भरपाई. आपल्याकडे बैलाच्या बदल्यात बैल घेताना वर जी रक्कम द्यायची तिला वरताळा म्हणतात. ते बूट म्हणजे हाच वरताळा. लेखकाने हा एक शब्द लिहिला असता तर आमच्या वर्गातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या पोराला तो एका क्षणात कळला असता. पण लेखक बहुधा पुण्याचा असावा. (पहिली पानं नसल्याचा हा आणखी एक फायदा.)

राहिलं 'ड्राइव्ह'. बार्गेन हाकण्याची रीत इंग्रजीत निदान सोळाव्या शतकापासून आहे. सर फिलिप सिडनी नावाच्या सरदार-कवीच्या एका प्रसिद्ध प्रेमगीतात दोघा प्रेमिकांनी हृदयांची अदलाबदल केली, तीही हाकलेल्या सौद्याच्याच भाषेत. तिथे हाकणं म्हणजे नेटाने तडीस नेणं; त्यात ना बंडी ना बैल. हे मला त्या दिवशी वर्गात ठाऊक असतं तरी त्या पोराचं समाधान झालं नसतं. तो व्युत्पत्ती विचारतच नव्हता.

त्याच्या प्रश्नाने मला पुस्तकाचा दुसरा दोष दिसला, आणि तो मोठा आहे. हे सगळे वाक्प्रचार बोलतं कोण? इंग्रजीत नुसतं 'बार्गेन' म्हटलं तरी अर्थ होतो स्वस्तात पदरात पडलेली वस्तू. फार स्वस्तात मिळाली तर ती 'फॉर अ सॉन्ग' मिळते, एका गाण्याच्या मोलात. त्याहून स्वस्तात मिळाली तर अमेरिकन माणूस तिला सरळ चोरी म्हणतो आणि वर खूश होतो. फसवणूक झाली तर 'पिग इन अ पोक', म्हणजे पोत्यातलं डुक्कर न बघता घेतलं. आनंद असो की दुःख, बोलणारा तोच, ज्याच्या हातात पैशाची पिशवी आहे.

आता आपल्याकडे या. भाव आला, भाव मिळाला, भाव फुटला, भाव पडला. हे कोण बोलतो? ज्याच्या दारात माल पडलाय तो. बुलढाणा जिल्ह्यात 'यंदा भाव नाही' असं कोणी म्हणालं तर तो कापूस नाही तर सोयाबीन विकणारा आहे हे विचारावं लागत नाही. आमच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट मांडून भोवती धान्याचे दाणे ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत सांगतात. त्या भाकितांवर माझा विश्वास किती हा प्रश्न सोडा. पण लोक पाऊसपाण्याचं ऐकून घेतल्यावर कान टवकारतात ते भावासाठी. आणि भाव म्हणजे नुसती किंमत नव्हे. मनातला भावही तोच आणि शेगावला महाराजांपुढे हात जोडताना असतो तो भावही तोच. इंग्रजीत 'प्राइस' आणि स्तुती या अर्थाचा 'प्रेझ' हे एकाच लॅटिन शब्दाचे वंशज आहेत, म्हणजे त्यांच्याकडे किंमत ही कौतुकाची चुलत बहीण. आमच्याकडे किंमत आणि अंतःकरण एकाच शब्दात राहतात. म्हणून भाव पडला की माणूसही पडतो.

याचा सगळ्यात चांगला पुरावा पुस्तकाने स्वतःच दिलाय, आणि त्याला त्याचा पत्ताही नाही. 'डर्ट चीप: मातीमोल.' शब्दाला शब्द, मातीला माती! परीक्षेत पैकीच्या पैकी गुण. पण 'डर्ट चीप' म्हणणारा हसत पिशवी भरून घरी निघालेला असतो आणि मातीमोल म्हणणारा रिकामी बंडी घेऊन. एकाच ढेकळाकडे बघून एक हसतो आणि दुसरा रडतो, आणि पुस्तक मधे बरोबरचं चिन्ह काढतं. अपवाद आहेत. 'स्वस्तात पटलं' आपणही म्हणतो आणि इंग्रज शेतकरीही भावासाठी रडत असेलच. परीक्षकाने अपवाद तळटीपेत लपवायचे असतात. मी इथेच कबूल करून टाकतो.

हे वाक्प्रचार आमच्या जिल्ह्यात आले कसे, तर कापसाच्या गाठींबरोबर, पण उलट्या दिशेने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली. १८६७ मध्ये मलकापूर, नांदुरा, शेगाव करत आगगाडी नागपूरला पोचली. १८७० मध्ये जालंबहून खामगावपर्यंत चिमुकला फाटा टाकला गेला. का? खामगावच्या लोकांना प्रवासाची हौस होती म्हणून नव्हे. त्याच वर्षी इंग्लंडहून समुद्राखालून आलेली तार मुंबईला पोचली. झालं! लिव्हरपुलात भाव हलला की त्याचा धक्का खामगावच्या सरकीला बसायला लागला. त्याआधी भाव बदलायला याहून बराच जास्त वेळ लागत असे.

पुढे १८८६ मध्ये, वऱ्हाड हैदराबादच्या रेसिडेंटच्या कारभाराखाली असताना, कारंज्याला कापसाचा पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांचा कायदाच झाला. देशातल्या बाजार समित्यांची ही पणजी. कारंजा बाजाराचं प्रयोजन इतिहासाची पुस्तकं अशी सांगतात: मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध कापूस वाजवी भावात मिळावा. 'वाजवी' हा शब्द मी तीनदा वाचला. आमचे बाबा हा शब्द वापरत, तेव्हा त्यांना वर जाणारा भाव अभिप्रेत असे. मँचेस्टरचं 'वाजवी' खाली येणारं होतं. शब्द तोच, फक्त जिन्यावरचा माणूस वेगळा.

बाबांची शेती घाटाखाली, नांदुऱ्याकडची. मी लहानपणी कापसाच्या बंडीवर बसून त्यांच्याबरोबर बाजाराला जायचो. रात्री निघायचं, पहाटे पोचायचं. बाबांची घासाघीस पाठ व्हायला मला एकच खेप पुरली, कारण ती तीन शब्दांची होती: "शेठ, पाहा जरा." बस्स. एवढंच. त्याला उत्तर यायचं, "पाटील, परत न्या मग." यात ओरडा नाही, शिवी नाही, उलट चहा मागवलेला असायचा. पण 'परत न्या' म्हणणाऱ्याला माहीत असायचं, की बैल रात्रभर चाललेत, पेरणीचं देणं डोक्यावर आहे आणि दिवाळीची उधारी कापूस विकून द्यायची आहे. बाबा चहा संपवायचे आणि होकार द्यायचे.

नववीतल्या त्या पोराचं उत्तर मला इथे सापडलं, फक्त ते द्यायला मला चाळीस वर्षं उशीर झाला. बंडी कोणाची हा प्रश्नच नाही. ज्याला सौदा न करता घरी जाता येतं, तो हाकतो. 'कसून घासाघीस करणे' हा पुस्तकातला अर्थ म्हणूनच चूक आहे. कसून घासाघीस करतो तो बहुतेक वेळा हरणारा असतो. जिंकणारा फक्त 'परत न्या' म्हणतो.

पण बाबांना सौदा येत नव्हता असं कोणी समजू नये. ते बघायला बैलबाजारात यावं लागे. तिथे बाबा वेगळेच दिसत. दोघेही शेतकरी, दोघांनाही घरी परतायची मुभा, आणि मग काय विचारता! आधी बैलाचं तोंड उघडायचं: आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलाय. फुकटच्या घोड्याचे दात बघू नयेत ही म्हण इंग्रजांकडे आहे. संत जेरोम यांच्या लॅटिन लिखाणात ती सोळाशे वर्षांपूर्वीच लोकांच्या तोंडची म्हणून आलेली आहे. आपल्याकडे धर्माच्या गायीचे दात मोजत नाहीत. बाबा मात्र पैसे मोजत होते, म्हणून दातही मोजत. मग शेपटी, खूर, चाल. मग दोघंही बैलाला सोडून पावसाबद्दल बोलायला लागत. आणि बोलता बोलता एकजण खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर टाकी.

उपरण्याखाली बोटं बोलायची. एक बोट धरलं तर एक, मूठ धरली तर पाच. ते दहाचे की शंभराचे हे दोघांना न सांगता कळलेलं. वर तोंडाने "यंदा मृग कोरडाच गेला," आणि खाली हाताने घमासान. कधी झटकन हात मागे, कधी पुन्हा पुढे. भोवती दहा माणसं उभी, पण आकडा कोणाला कळायचा नाही. त्यामुळे कमी भावाला विकणाऱ्याची लाज झाकली जायची आणि जास्त देणाऱ्याचा मूर्खपणाही. शेवटी विसार हातावर टेकवायचा आणि सौदा पक्का. इंग्रजही हातावर हात मारूनच सौदा 'स्ट्राइक' करत, म्हणून तो वाक्प्रचार झाला. पण त्यांचं डुक्कर पोत्यात आणि भाव उघडा. आमचा बैल उघडा आणि भाव उपरण्यात. दोन संस्कृतींमधला फरक यापेक्षा थोडक्यात मला सांगता येत नाही.

१९७२ मध्ये राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी आली. भाव सरकारने ठरवलेला, माल प्रतवारीने घ्यायचा. २००० नंतरच्या वर्षांत ती योजना मोडीत निघाली. तिचे गुणदोष माझ्यापेक्षा जाणकारांनी पुष्कळ उगाळलेत. मला फक्त बाबांचा चेहरा आठवतो. पहिल्यांदा तसा कापूस घालून ते घरी आले आणि गप्प बसले. मायनं विचारलं, "भाव कमी देला का?" ते म्हणाले, "नाही व. भाव बरा होता. पन 'शेठ, पाहा जरा' म्हनाले समोर कोनी नोयतं."

आता पुस्तकातला एक असा वाक्प्रचार, जो मी कधीच फळ्यावर लिहिला नाही. ज्यू समाजाच्या नावाचंच क्रियापद करून, त्याला 'डाऊन' जोडून, भाव पाडणे असा अर्थ काढलेला आहे. पुस्तकाने तो इतरांच्या शेजारी बिनदिक्कत छापलाय, वाक्यात उपयोगासकट. मध्ययुगात युरोपात या लोकांना बहुतेक ठिकाणी जमीन धरू दिली नाही, कारागिरांच्या संघांत घेतलं नाही, सावकारी तेवढी हाती ठेवली. इंग्लंडने तर १२९० मध्ये त्यांना देशाबाहेर घालवलं आणि सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत परत येऊ दिलं नाही. एवढं करून एकोणिसाव्या शतकात त्यांच्या नावाचं क्रियापद केलं. आज चांगले कोश त्यापुढे 'अपमानास्पद' अशी खूण करतात.

यावर मी इंग्रजांना नावं ठेवणार होतो, तेवढ्यात आमच्या बोलीतल्या मारवाड्याच्या नावाने चालणाऱ्या म्हणी आठवल्या. त्या मी इथे देत नाही. त्या सगळ्यांना पाठ आहेत हीच तर अडचण आहे. शाळेच्या स्टाफरूममध्ये त्या मी स्वतः ऐकवल्यात आणि टाळ्याही घेतल्यात. १८७५ मध्ये, कापसाची तेजी ओसरून भाव कोसळल्यावर, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून दंगे उसळले आणि शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले. व्याजाचा जाच खरा होता. पण भाव पाडणारा हात लिव्हरपुलात होता आणि तिथपर्यंत कोणाची काडी पोचत नव्हती. म्हणीसुद्धा अशाच, हाताला लागेल त्याच्यावर पडतात. बाबांना 'परत न्या' म्हणणारा माणूस तरी कोणाच्या तारेवर बोलत होता, हे ना बाबांना माहीत होतं ना मला.

एवढं सगळं शहाणपण पदरी पडल्यावर मी परवा बाजारात गेलो. मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. मालाची आवक फार, संध्याकाळची वेळ. बाईने अर्ध्या भावात दिल्या. घरी येऊन मी हिला म्हणालो, "बार्गेन मिळालं." आणि बोलता बोलता जीभ चावली. कापूसवाल्याचा मुलगा, पेन्शनीत आल्यावर कोणाच्या भाषेत बोलतोय! ही म्हणाली, "जुड्या किडक्या आहेत." म्हणजे पोत्यातलं डुक्करही माझ्याच घरी आलं.

आता तो राहिलेला प्रकार. गेल्या महिन्यात हिने माळा आवरला आणि रद्दीवाल्याला बोलावलं. वर्तमानपत्रं, गाईडं, आणि त्यातच माझं हे पुस्तक. हिचं माहेर बैलांचा नाद असलेल्यांचं. हिने रद्दीवाल्याला घामाघूम केलं, त्याच्या काट्याचा पासंग तपासला आणि किलोमागे दोन रुपये वाढवून घेतले. दोन दिवसांनी मला परीक्षण लिहायचं म्हणून पुस्तक हवं झालं. मी धावत त्याच्या दुकानी गेलो. ढिगात शोधून शोधून पुस्तक सापडलं आणि सापडताच माझ्या तोंडून "अरे वा!" निघून गेलं. बैलबाजारात बाबांच्या तोंडून ही चूक आयुष्यात एकदाही झाली नव्हती.

रद्दीवाल्याने पुस्तक हातात घेऊन उलटंपालटं केलं. मुखपृष्ठ नाही हे बघून तो म्हणाला, "जुनं दिसते सर. असं आता भेटत नाही." त्याने किंमत सांगितली. मी म्हणालो, "बाबा, पाहा जरा."

"मंग राहू द्या सर," तो म्हणाला, आणि चहा मागवला.

घरी आलो तेव्हा ही ओट्यावरच बसली होती. काखेतलं पुस्तक बघून म्हणाली, "आणलं का? कितीला देलं त्यानं?"

शेजारच्या वहिनी समोर उभ्या होत्या. मी पावसाचा विषय काढला, खांद्यावरचा टॉवेल हिच्या हातावर टाकला आणि खालून दोन बोटं धरली.

"दोन रुपये?"

मी म्हणालो, "यंदा पाऊस उशिराच दिसतो."

"वीस?"

मी आभाळाकडे पाहिलं. हिने टॉवेल काढून फेकला.

"दोनशे?"